मारुतीसमोरचं स्टोअर

खुळ् खुळ् खुळ्!

भर दुपारी सगळी वाडी चिडीचूप, आणि चुलीपाशी हा आवाज! मी हातातलं सूप टाकून धावले. चार वर्षांची आमची छबी फतकल मारून बसली होती आणि काड्यापेटी कानाशी धरून वाजवत होती.

"आई, आत कोण आहे?"

पेटी हिसकावून वरच्या फळीवर ठेवली, लेकीला मांडीवर घेऊन थोपटलं, आणि ती झोपली तेव्हा कुठे कागद घेऊन बसले आहे. ती उठेपर्यंत जेवढं लिहून होईल तेवढं आपलं.

तर मैत्रिणींनो, तुमच्यापैकी कुणाच्या घरामागे गवताचा डोंगर असेल, तर वणव्याची तयारी कशी करायची ते मला विचारा! चाकणच्या पलीकडच्या आमच्या वाडीने यंदा जी तयारी केली, तशी अख्ख्या तालुक्यात कुणी केली नसेल. आणि तिचं पुढारीपण माझ्याकडे होतं!

त्याआधीच्या वर्षी डोंगरावरून वणवा उतरला, तो थेट शेजारच्या सोजरबाईंच्या परसात. त्यांच्या शेळ्यांचं खोपट गेलं, शेळ्या कशाबशा वाचल्या. तेव्हापासून माझी झोप उडाली. वारा सुटला की मी छबीला पोटाशी धरायची आणि मनातल्या मनात तालीम करायची: आधी लेक उचलायची, मग रेशनकार्ड, मग सासूबाईंना हाक मारायची. हा क्रम मी सासूबाईंना अजून सांगितलेला नाही.

आमचे हे पिंपरीला एका कंपनीत आहेत. एका संध्याकाळी जेवताना म्हणाले, "आज आगीची ड्रिल झाली. साहेब म्हणाले, आगीला उपाशी ठेवा! जळणारा माल इमारतीला चिकटून नको. सगळा उचलायचा, लांब मोकळ्यात न्यायचा आणि एका जागी रचायचा."

"एका जागी?"

"हो. स्टोअर म्हणतात त्याला."

मी घराभोवती एक चक्कर मारली. मागच्या भिंतीला गोवऱ्या, बाजूला तुराट्या, पडवीत सरपण. घर कसलं, काड्यापेटीच ती! आणि वाडीतली सगळी घरं अशीच. रॉकेल मिळणार नाही तेव्हा पावसाळाभर चूल यावरच पेटायची, म्हणून प्रत्येकीने ते छातीशी धरल्यासारखं भिंतीशी लावलेलं.

दुसऱ्या दिवशी विहिरीवर मी भाषणच ठोकलं.

"आमी जलमभर भितीलाच लावल्यात गवऱ्या," सोजरबाई म्हणाल्या.

"म्हणून तर तुमचं खोपट गेलं ना, काकू?"

तेवढ्यात आमच्या आत्याबाई, म्हणजे सासूबाई, पुढे झाल्या. "सून कासारवाडीची हाय माझी. आगगाड्या बघत वाढलीया. आगीतलं तिला कळतं!"

झालं, ठरलं!

मारुतीच्या देवळासमोरचं पटांगण मी हेरून ठेवलं होतं. घरांपासून लांब, मोकळं, झाडलोट केल्यासारखं स्वच्छ! एवढी छान जागा वाडीने मोकळी का ठेवली असेल, असा प्रश्न मला पडला नाही, आणि वणव्याच्या धास्तीत बाकीच्यांनाही आठवलं नाही. आम्ही बायका दोन दिवस मुंग्यांसारख्या राबलो. गोवऱ्या, तुराट्या, सरपण, मोडकी खाट, सगळं तिथे रचलं. देवळाच्या शिखराने मान वर करून बघावं एवढा ढीग! दारोदार पाण्याचे हंडे भरले, पोती भिजवली, आग झोडपायला निरगुडीचे फाटे तोडून ठेवले. देवळामागून गवताचा एक पट्टा डोंगराला जाऊन भिडतो, तो तेवढा कापायचा राहिला. म्हटलं, उद्या कापू.

सोजरबाई सगळ्यांत शेवटी आल्या. डोक्यावर पाटी, तोंड एवढंसं.

"पोरी, पावसाळ्याला एवढंच हाय गं माझं. माझ्या घरात थापाय दुसरं हात न्हाईत."

"काकू, एक गोवरी कमी झाली तर मी भरून देईन! शब्द माझा!"

त्यांनी आपली रास ढिगाच्या कडेला लावली आणि तिला हात लावून नमस्कार केला.

दुसऱ्या दिवशी मी विळा घेऊन निघणार, तोच हलगी वाजायला लागली. मी म्हटलं, आज काय?

"शिमगा न्हाई का!" आत्याबाई पुरणाचा हात पुसत म्हणाल्या, आणि तिथेच थबकल्या. आम्ही एकमेकींकडे पाहिलं. मग दोघी पळालो!

मी कासारवाडीची. तिथल्या आमच्या चाळीत होळीसाठी वर्गणी काढायचे आणि वखारीतून लाकूड आणायचे. वाडीतली रीत निराळी. इथे होळीचं जळण ज्याने त्याने आणून मारुतीपुढे टाकायचं. आणि लग्नानंतरची माझी सगळी वर्षं बाळंतपण, आजारपण यांत गेली, शिमग्याला मी दर वर्षी माहेरीच!

पटांगणात पोरं नाचत होती. कोंडाजीआबा, ज्यांच्याकडे होळीचा मान, ढिगावर चढले होते आणि मधोमध एरंडाची फांदी रोवत होते.

"आबा, उतरा! ही होळी नाही! हे स्टोअर आहे!"

"आं? इस्टोर?" आबांचं तोंड आनंदाने फुललं होतं. "काय बी म्हन सूनबाई, पर असली होळी माज्या बापानं बी बघितली न्हाई! यंदा बायांनी मनावर घेतलंया!"

"आबा, हे सगळ्यांचं वर्षाचं जळण आहे!"

आबांचा चेहरा पडला. त्यांनी फांदीकडे बघितलं, मग माझ्याकडे. "एरंड रोवला गं मी. आता ह्येतलं माघारी न्यायचं न्हाई. होळीतली गवरी घरी नेली तर त्या घराला आग लागती."

मी बायकांकडे वळले. "न्या गं आपापलं! पटकन!"

एकही जागची हलली नाही. गेले दोन दिवस 'आग लागेल, आग लागेल' म्हणून त्यांच्या काळजात भीती कुणी भरली होती? मीच!

सोजरबाई नुसत्या आपल्या राशीकडे बघत उभ्या राहिल्या. त्यांनी मला चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

दिवस मावळला. पाण्याची धार धरून होळीभोवती पहिला फेरा घालायचा मान आत्याबाईंचा. त्या कळशी घेऊन निघाल्या आणि सोजरबाईंच्या राशीपाशी आल्यावर एकदम आत वळल्या. रास धारेच्या बाहेर!

"तानुबाई, वाईच भाईरनं!" आबा आत्याबाईंना ओरडून म्हणाले.

"दिसत न्हाई मला आताशा," आत्याबाई म्हणाल्या. सुईत दोरा ओवायला अजून मला त्याच लागतात! "धारंच्या आतलं देवीचं. भाईरचं जिचं तिला."

आबांनी मिशीवरून हात फिरवला. "बराबर हाय," म्हणाले. आम्ही दोघींनी ती रास भराभर लांब ओढली. माझा शब्द वाचला!

मग होळी पेटली. काय सांगू! ज्वाळा देवळाच्या शिखराच्याही वर गेल्या. वारा फिरला, आणि ठिणग्यांचा थवा उडून नेमका देवळामागच्या गवतात उतरला. तिथून आग डोंगरावर चढायला कितीसा वेळ?

"आग! आग लागली! धावा!" मी तोंडावर हात मारून बोंब ठोकली.

आणि सगळी वाडी तोंडावर हात मारून माझ्याबरोबर बोंबलायला लागली! शिमग्याच्या दिवशी खरी बोंब ओळखायची कशी? आबा तर कौतुकाने म्हणाले, "आवाज हाय पोरीला!"

शेवटी छबीला आत्याबाईंच्या कडेवर फेकलं आणि निरगुडीचा फाटा घेऊन मी एकटीच गवतात घुसले. ते पाहिलं आणि बायकांची ट्यूब पेटली. ओली पोती आली, फाटे आले. झोडपून झोडपून आम्ही आग मारली. हाताला फोड, पदराला भोकं, पण डोंगर वाचला! आपली तयारी कामाला आली, या आनंदात मी वळले.

तेवढ्यात रस्त्याकडून आरोळी आली. आमचे हे! ओव्हरटाइम करून एसटीने उतरले, तर वाडीच्या जागी नुसता उजेड आणि बायकोची बोंब! बरोबर कंपनीतले दोघं-तिघं.

"शेजारचा माल भिजवा आधी!" यांनी ड्रिलमध्ये शिकलेला हुकूम सोडला, आणि दारोदार भरून ठेवलेले माझेच हंडे उचलून सगळ्यांनी धडाधड ओतले.

सोजरबाईंच्या राशीवर.

"वाचवला बघ माल!" हे धापा टाकत म्हणाले. घामेजलेले, भेदरलेले. आधी छबीला डोळ्यांनी शोधत होते.

धुळवडीच्या दिवशी वाडी रंग खेळत होती, आणि मी सोजरबाईंच्या भिंतीवर भिजलेल्या गोवऱ्यांचा लगदा परत थापत होते. फोडांच्या हाताने. भिंतीवरच! स्टोअरचं नाव काढायची माझी हिंमत नव्हती. सोजरबाई शेजारी बसून म्हणाल्या, "पातळ थाप गं, लवकर वाळंल." बाकीच्या घरांतल्या बायका रोज रानात काटक्या वेचायला जातात. मीही जाते. वाटेत भेटल्या की हसतात, आणि हसून झालं की माझ्या डोक्यावरची मोळी सारखी करून देतात.

पण एक मात्र खरं. यंदा वणवा वाडीला शिवलासुद्धा नाही!

छबी उठली. मांडीवर येऊन कागदात नाक खुपसते आहे.

"आई, काय लिहितेस?"

"वणव्याची गोष्ट, राणी."

"वणवा आला होता आपल्याकडे?"

"छे गं! येऊच दिला नाही आम्ही!"

तिने जरा विचार केला. रिकाम्या पडवीकडे बघितलं.

"मग आपलं सगळं सरपण कुणी जाळलं?"