विजयसिंहचा हर्निया

हर्निया झाला असं सांगायची बुद्धी विजयसिंहला कुठून झाली कोण जाणे! कोल्हापूरजवळ शिरोली एमआयडीसीत त्याची फाउंड्री. जड वजन उचललं, हर्निया झाला, असं म्हटलं की पुढं कुणी काही विचारणार नाही, असा त्याचा हिशेब. खरं दुखणं वेगळंच होतं. वृषणाजवळच्या शिरा फुगल्या होत्या. डॉक्टर त्याला व्हेरिकोसील म्हणाले आणि लग्नाला सहा वर्षं होऊनही पाळणा हलला नाही त्याचं कारण बहुधा हेच, असंही म्हणाले. ऑपरेशन झालं. "बऱ्याच जणांच्यात शुक्राणूंची संख्या वाढते, पण हमी देत नाही. तीन महिन्यांनी तपासू," एवढं सांगून ते मोकळे झाले आणि इकडं विजयसिंहचा जीव टांगणीला लागला.

हे ठाऊक होतं फक्त त्याच्या बायकोला, निशिगंधाला. आईला, म्हणजे बाळाबाईंना, सांगायची त्याची छाती झाली नाही. मूल नाही म्हणून सासूची बोलणी निशिगंधानं इतकी वर्षं खाल्ली, आणखी थोडे दिवस खाईल, असं त्यानं परस्पर ठरवून टाकलं. माणूस तसा वाईट नव्हता. पण आईपुढं त्याची बोबडी वळायची.

आता आजारी माणसाला निवांत पडू देईल तर ती मंगळवार पेठ कसली! घरी आल्याच्या दुसऱ्याच सकाळी तालमीतला दोस्त विश्वजित दारात हजर, आणि त्याच्यामागं गवळ्यासकट म्हैस, दूध कट्ट्यावर गिऱ्हाइकासमोर पिळून ताजं दूध पाजतात त्यातलीच एक.

"विज्या, तुला दूध कट्ट्यावर यायला जमत न्हाय, म्हणून कट्टाच दारात आणला की! धारोष्ण दूध पी, टाका कसा भरतोय बघ!"

दारात म्हैस पिळतात म्हटल्यावर गल्ली गोळा झाली. विजयसिंह अवघडून पायरीवर बसला. तेवढ्यात गर्दीतून तालमीचे जुने वस्ताद आण्णा पुढं आले. त्यांना स्वतःला खराखुरा हर्निया झाला होता, त्यामुळं या विषयात त्यांचा शब्द शेवटचा.

"कुठल्या बाजूला?"

"डाव्या."

"जाळी बसवली न्हवं?"

"व्हय... म्हंजे न्हाय."

"आरं, जाळी न्हाय तर आतडं थांबतंय कशावर? फशिवलंय तुला डॉक्टरानं! नाव सांग त्याचं. आत्ता जाऊन जाब इचारतो."

"चला की!" विश्वजितनं बाह्या सरसावल्या. "समदी तालीमच नेऊया!"

विजयसिंहला दरदरून घाम फुटला. त्यात बाळाबाईंनी डोळ्याला पदर लावला.

"ही घरात आल्यापासनं एक धड न्हाय बघा. पोटी पोर न्हाय, आता ह्यो रोग! आण्णा, डॉक्टराकडं निघालायसाच तर हिलाबी संगं न्या. हिच्यात काय खोट हाय ते एकदाचं कळू दे."

निशिगंधा पेल्यांचं ताट घेऊन उभी होती. तिनं ताट पायरीवर ठेवलं आणि चपला पायांत सरकवल्या. विजयसिंहला ते सोसवेना. तो ताडकन उठला, टाका खसकन ओढला गेला, आणि कळ व संताप एकदमच तोंडातून बाहेर पडले.

"तिला कशाला? हर्निया-बिर्निया काय न्हाय मला! पोर व्हावं म्हणून ऑपरेशन करून घेतलंय. खोट माझ्यात हाय, तिच्यात न्हाय!"

कोल्हापूरच्या गड्याला हळू बोलणं जमत नाही. पलीकडच्या गल्लीनंही ऐकलं. गवळ्याचा हात थांबला. जमलेल्यांना भराभर घरची कामं आठवली. विश्वजितनं अर्ध्या धारेवरच म्हैस वळवली. बाळाबाईंनी दुधाचा पेला उचलला, मुलाला ओलांडून सुनेच्या हातात दिला, "पी," म्हणाल्या आणि आत निघून गेल्या. विजयसिंहला लाजही वाटली आणि हलकंही वाटलं.

आण्णा तेवढे हलले नाहीत. त्यांनी इकडंतिकडं बघितलं, खाकरले.

"त्या डॉक्टराचं नाव काय म्हणालास?"

"आता कशाला भांडताय, आण्णा?"

"भांडाय न्हवं रं." आण्णांचा आवाज जन्मात पहिल्यांदा खाली आला. "आमच्या यशराजच्या लग्नाला पाच वर्सं झाली. सुनेला डॉक्टर दावलं, देव दावलं. ह्यो पठ्ठ्या म्हणतोय, मला काय धाड भरलीया? नंबर दे. कुणी इचारलं तर त्यालाबी हर्नियाच झालाय म्हणू."

निशिगंधानं पेला रिकामा केला आणि पदरानं ओठ पुसले.

"नंबर देते, आण्णा," ती म्हणाली. "पण आधी घरला जाऊन सूनबाईंना सांगा, खोट यशराजच्यातबी असंल. आणि हे बोलले तसंच, गल्लीला ऐकू जाईल असं सांगा."