स्पीकर म्हणजे आमंत्रण

माझे दिवाकरमामा बसमध्ये परक्यांच्या फोनवर बोलतात. कुणी मोबाइलचा स्पीकर लावून गप्पा सुरू केल्या, की मामा सरळ त्यात सामील. "माझाबी जयभीम सांगा पाव्हण्याले!" नाहीतर पलीकडच्या बाईला, "सासूले बीपी आहे म्हणता, मंग लोणचं कायले वाढता बाई?" फोनवाला चिडला, की ठरलेलं उत्तर. "स्पीकर म्हणजे आमंत्रण! नाहीतर कानाले लावा ना बापा. बस का तुमचं अंगण आहे?"

चिखल्याच्या खाणीतून निवृत्त झाल्यावर लोकांना रीत शिकवायची ही नोकरी त्यांनी स्वतःच स्वतःला दिली. बस हसते. मी मात्र खिडकीबाहेर बघत, हे माझे कुणीच नाहीत असा बसतो.

गेल्या उन्हाळ्यात आम्ही तुमसरहून बपेऱ्याला लग्नाला निघालो. मामा कडक इस्त्रीत, अत्तर लावून; मलाही लावलेलं. पुढच्या सीटवरच्या म्हातारबाबांचा फोन वाजला, त्यांनी स्पीकर लावला. "हॅलो, बाबा..." एवढ्यात मामा गरजले, "बोल बेटा, सारी बस आयकून राहिली!"

बस खो-खो हसली. त्या हशातच आवाज आला, "बाबा, आई गेली."

म्हातारबाबा तेवढे अजून हसत होते. मामांकडे वळून म्हणाले, "मले आयकू येत नाही जी, म्हणून हा भोंगा लावतो. काय म्हणते पोरगा? तुमी आयकलं ना?"

मला सीटखाली शिरावंसं वाटलं. मामा उठले, त्यांच्या शेजारी बसले, हात धरून कानाशी सांगितलं.

"आँ?"

मग मोठ्यानं सांगावं लागलं. साऱ्या बसला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं.

बाबाही बपेऱ्याचेच. उतरल्यावर मामा मांडवाकडे वळलेच नाहीत. बाबांची पिशवी उचलून त्यांच्या घरी गेले. मीही मागोमाग. अंगणात सगळे रडणारे, आणि आम्ही दोघं अत्तराचा वास मारत कोपऱ्यात उभे.

मुलगा जवळ आला. "तुमी कुठले पाव्हणे जी?"

मामांची मान वर होईना. "बसमधला. फोनवर... तो मीच बोललो होतो."

मुलानं बापाजवळच्या माणसाला थोडं सरकायला सांगितलं.

"बसा इथं. लोक काय बोलून राहिले, बाबाले समजत नाही. तुमचा आवाज त्यायले आयकू येते."