भोसरीच्या गाळ्यात जोहान्सबर्गचा ठोका

"पिंकी आज दुपारी दोन तास झोपणार," असं वर्षालीने सकाळीच जाहीर केलं, आणि इतक्या ठामपणे की हवामानखातंही लाजलं असतं.

कारणही तसंच होतं. नऊ महिन्यांची पिंकी अंगाईला बधत नव्हती. आजीच्या ओव्यांना तर टाळ्या वाजवून जागायची. पण काल मोबाईलवर अमापियानो लागलं आणि पोरगी पाचव्या मिनिटाला गार. अमापियानो म्हणजे दक्षिण आफ्रिकेतलं नाचाचं संगीत. लाकडी ओंडक्यावर कुणी सावकाश मूठ मारावी तसा त्याचा खालचा ठेका. घाई नाही, आरडाओरड नाही. तिकडच्या वस्त्यांमधून निघालं, ते लंडन-टोकियो करत काळेवाडीतल्या हळदीपर्यंत आलं. वर्षालीला वाटायचं, महिनोन्‌महिने जागलेल्या एखाद्या बाईची दया येऊनच कुणीतरी ते रचलं असावं.

मोबाईलमध्ये तो ठेका पुरता उमटेना. म्हणून तिने नवऱ्याचा, सुजितचा, पोत्याएवढा स्पीकर पाळण्याखाली फरशीवरच ठेवला.

घर पहिल्या मजल्यावर. खाली सासऱ्यांचा, दादासाहेबांचा गाळा. तिथे पत्रा ठोकणाऱ्या पॉवर प्रेसवर चाकणच्या एका कंपनीचे ब्रॅकेट निघत होते. पहिलीच ऑर्डर. चारला माल पोचला नाही, तर दुसरी मिळणार नव्हती.

दादासाहेब मशीनवर तळहात ठेवून वैद्यासारखी नाडी बघत. आज दोन ठोक्यांच्या मधे त्यांच्या हाताला तिसराच ठोका लागला.

"ज्ञानदेव, बेरिंग गेलं. बंद कर," त्यांनी मशीनवरच्या कामगाराला सांगितलं.

मशीन थांबली. मशीन थांबली म्हणजे सासरे चहाला वर येणार, आणि सून भरदुपारी स्पीकर लावून बसलेली दिसणार. वर्षालीने झटकन गाणं बंद केलं. खाली ठोका गायब. मशीन सुरू झाली तसं तिने गाणं लावलं. खाली ठोका हजर. असं तीनदा झालं.

"बघ," दादासाहेब म्हणाले, "थांबली की जातो, चालली की येतो. दुखणं मशीनचंच हाय. खोल."

"दादासाहेब, चारला माल..."

"खोल म्हनलं न्हवं?"

ज्ञानदेवने मशीन खोलली. फ्लायव्हीलचं जड चाक जमिनीवर आलं. तरी ठोका चालूच, कारण वर पाळण्याला टेकून वर्षालीच झोपली होती.

"आता ह्यो कोन देतंय?" दादासाहेबांनी सुट्या मशीनकडे बघत विचारलं.

"मशीन गेली, नाडी चालू राहिली," ज्ञानदेव हळहळला.

दादासाहेबांनी खांबाला हात लावला. मग भिंतीला. मग जिन्याला. चाचपत चाचपत ते वर आले.

वर्षालीने डोळे उघडले, तर सासरे उंबऱ्यात बसलेले. एक तळहात स्पीकरवर, मान हळूहळू डोलतेय. पिंकी मुठी वळून गाढ.

"मामा, अहो, बंद करते..."

"ऱ्हाऊ दे. कुठलं गं हे?"

"दक्षिण आफ्रिकेचं. जोहान्सबर्गकडचं."

"चांगला कारागीर हाय. तासभर झाला, ठोका एका सुतानं हलला न्हाई." त्यांनी सुस्कारा सोडला. "आन आमी त्यापायी चांगली मशीन खोलली."

वर्षालीला धरणीने पोटात घ्यावं असं झालं. तेवढ्यात चाकणहून फोन आला. पोर उठू नये म्हणून दादासाहेब कुजबुजत बोलू लागले.

"माल सहाला येतो, साहेब. मशीनला ठोका होता."

"सापडला का?"

जन्मात खोटं न बोललेला माणूस. "सापडला. जोहान्सबर्गचा हाय."



"अहो काका," साहेबांचा आवाज एकदम अदबीचा झाला, "मशीन इम्पोर्टेड आहे हे आधी सांगायचं नाही का? तुमचा रेट आम्ही उगाच पाडला."