व्याह्यांचा मान आणि जीपचे दोन ॲक्सल

गिअर या विषयात माझा हात धरणारा माणूस बंगळुरात अजून जन्मायचा आहे, आणि जन्मला तरी शिकायला माझ्याकडेच येईल. चाळीस वर्षं मी कारखान्यात गिअरचे दाते कापले. एकदा घड्याळासाठी इतकं बारीक चक्र कापलं, की मुंगी साखरेचा कण समजून उचलून घेऊन गेली. आम्ही वारुळाला कान लावला तर आत टिकटिक चालू होती. कुणाला खोटं वाटत असेल त्याने बसवनगुडीत येऊन पाहावं. आमच्या गल्लीतल्या मुंग्या अजूनही वेळेवर निघतात.

तेव्हा जावयाच्या जीपचा रेशो ठरवणं म्हणजे माझ्या दृष्टीने कॉफीत साखर घालण्याइतकं सोपं काम होतं.

जावई सुशांत. पुण्याचा, कॉम्प्युटरवाला. माझी मुलगी मनस्विनीही त्याच धंद्यात. दोघं बनशंकरीला फ्लॅटमध्ये राहतात. सुशांतची दोन प्रेमं, बायको आणि जीप. क्रम मी कधी विचारला नाही. दगडधोंड्यांतून गाडी चालवायची म्हणून त्याने जीपला एवढे मोठे टायर बसवले, की मनस्विनीला आत चढायला स्टूल लागायला लागलं.

जीप दिसायला वाघ झाली, पण जयनगरच्या साध्या चढावर धापा टाकू लागली. एक रिक्षावाला शेजारी येऊन आपुलकीने म्हणाला, "सार, स्वल्प ढकलू का?" त्या दिवशी सुशांत जेवला नाही. पुढच्याच महिन्यात त्याच्या क्लबच्या डोंगरस्वारीत जीप दोनदा चिखलात बसली आणि दोनदा ट्रॅक्टरने ओढून काढली. तेव्हा मनस्विनी आत बसलेली होती, आणि ट्रॅक्टरवाला तिच्याच ऑफिसातला निघाला. शनिवार-रविवार शेती करणारा.

तिने निकाल देऊन टाकला. "अण्णा, तुमच्यासमोर सांगते. येत्या रविवारी क्लबच्या स्पर्धेत कनकपुरा रस्त्याकडचा तो तांबडा चढ ही गाडी स्वतःच्या ताकदीवर चढली तर राहील. नाही चढली तर सोमवारी विकायची आणि शहाण्या माणसांसारखी छोटी गाडी घ्यायची."

सुशांतने माझ्याकडे असं पाहिलं, जसं पेशंटचे नातेवाईक डॉक्टरकडे पाहतात.

"घाबरू नका, जावईबापू," मी म्हटलं. "मोठं चाक म्हणजे लांब पाऊल. लांब पाऊल टाकायला जोर जास्त लागतो. तो जोर दोन चाकांच्या मधल्या ॲक्सलमध्ये मिळवायचा. तिथले गिअर बदलायचे, म्हणजे चाकाच्या एका फेरीला इंजिनाने जास्त फेऱ्या मारायच्या. पाच-तेराचा, म्हणजे ५.१३ चा, रेशो घाला. चाक एकदा फिरेल, तेवढ्यात शाफ्ट पाचहून जास्त वेळा फिरेल. घराची भिंत चढेल."

सगळं इथेच मिटलं असतं. पण त्याच आठवड्यात पुण्याहून आमचे व्याही आले. विठोजीराव. प्रवासी बसगाड्यांचा ताफा सांभाळण्यात त्यांची हयात गेलेली. डिझेलचा एक थेंब जास्त जळला तर त्यांना ताप येतो.

"पाच-तेरा?" ते म्हणाले. "शेषगिरीराव, इंजिन गिरणीसारखं बोंबलेल. चार-दहा घाला. चढेलही आणि पुण्यापर्यंत धावेलही."

"चार-दहाने ती जिनासुद्धा चढणार नाही."

"जिना चढायला जीप कशाला? लिफ्ट आहे ना?"

आवाज चढले. माझी बायको वसुमती स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली. हातात झारा. मुलीच्या सासऱ्याशी मी वाद घालतोय, एवढं त्या झाऱ्यावरून मला कळलं.

मी लगेच वरमलो. "तसं नव्हे, विठोजीराव. तुम्ही म्हणाल तेच."

"छे छे, मुलीकडचा मान मोठा. तुम्ही म्हणाल तेच."

"अहो, तुम्ही पाहुणे."

"अहो, घर तुमचं."

असा शेवटच्या पुरीसाठी चालतो तसा आग्रह चालला आणि प्रश्न तसाच ताटात राहिला.

जीप कार्तिकच्या गॅरेजमध्ये उभी होती. दुसऱ्या दिवशी विठोजीराव मंदिराला जातो म्हणून बाहेर पडले आणि त्यांनी कार्तिकला गुपचूप फोन केला: "माझं सोडा, आमच्या व्याह्यांच्या मनासारखं पाच-तेरा घाला." कार्तिकने पुढचा ॲक्सल उघडला, पाच-तेरा घातलं, बंद केला; मागचा उद्यावर ठेवला. इकडे माझंही मन खाऊ लागलं. पाहुण्याचा शब्द मोडणं बरं नव्हे. तिसऱ्या दिवशी मी गच्चीवर जाऊन गुपचूप फोन केला: "कार्तिक, आमच्या व्याह्यांच्या मनासारखं चार-दहा घाल. कुणाला सांगू नको."

"सरी सार," कार्तिकने कानडीत होकार दिला, आणि मागच्या ॲक्सलमध्ये चार-दहा घातलं.

जीप घरी आली. विठोजीरावांना वाटे, माझा पाच-तेरा घालायला लावून मोठेपणा त्यांनी केला. मला वाटे, मोठेपणा मी केला. एक फेरफटका झाला. सपाट रस्त्यावर फक्त मागची चाकं ओढतात, त्यामुळे काही कळलं नाही.

"छान चालते. सगळं तुमच्या मनासारखं," ते गालात हसत म्हणाले.

"नाही, तुमच्या," मी त्यांच्यापेक्षा जास्त गालात हसत म्हटलं.

रविवार उजाडला. तो तांबडा चढ म्हणजे काय सांगू? खालून वर पाहिलं तर टोपी पडायची, आणि पडलेली टोपी उचलायला वाकलं तर माणूसच घरंगळायचा. क्लबच्या पाच गाड्या चढून गेल्या, दोन परत आल्या. मनस्विनी हाताची घडी घालून खाली उभी. विकत घेणाऱ्याचा नंबर तिने आधीच मोबाइलमध्ये साठवला होता.

सुशांतने चारही चाकांना जोर देणारा दांडा ओढला आणि निघाला. अर्ध्यावर जीपच्या अंगात आलं. मागची चाकं म्हणत चल, पुढची म्हणत घाई काय आहे. मागची ढकलत, पुढची अडवत. जीप बेडकासारख्या उड्या मारू लागली, कण्हली, मातीत चार खड्डे खणले आणि ढुंगणावर घसरत खाली आली.

"आणखी दोनदा जाता येईल," क्लबचा माणूस म्हणाला.

मनस्विनीने मोबाइल बाहेर काढला.

मी कार्तिकला फोन लावला. "अरे, गाडीत घातलंस काय?"

"तुम्ही सांगितलं ते, सार. पुढे पाच-तेरा, मागे चार-दहा."

"दोन्हीकडे वेगळं? गाडी पुढे-मागे ओढली जाणार, एवढं कळलं नाही?"

"सार, काँपिटिशनवाले काहीही करून घेतात. मागच्या महिन्यात एकाने टपावर शॉवर बसवून घेतला. मी विचारत नाही."

मी विठोजीरावांकडे पाहिलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. दोघांच्याही चेहऱ्यावर एकमेकांचा मान राखल्याची शरम दाटून आली.

"पुढे तुमचं, मागे माझं," ते पुटपुटले. "आता?"

सुशांत मातीत बसला होता. जीपच्या चाकावर त्याने असा हात ठेवला होता, जसा माणूस बाजारात विकायला निघालेल्या गाईच्या पाठीवर ठेवतो. ते मला पाहवेना. आणि माझं डोकं, वारुळात घड्याळ चालवणारं डोकं, फिरू लागलं.

"इंजिनाचा जोर मागे नेणारा प्रोपेलर शाफ्ट काढा," मी सुशांतला म्हटलं. "चार बोल्ट. मागच्या चाकांना जोर मिळायलाच नको. जोर सगळा पुढच्या पाच-तेराला."

"अण्णा, चढावर पुढचा भाग हलका होतो. पुढची चाकं नुसती फिरतील," सुशांत म्हणाला.

"म्हणून गाडी वळवा आणि रिव्हर्समध्ये चढा. मग पुढची चाकं खालच्या बाजूला, वजन सगळं त्यांच्यावर. आणि कमी पडलं तर आम्ही दोघं पुढच्या बंपरवर बसतो."

विठोजीराव म्हणाले, "आधी तुम्ही बसा."

"नाही, आधी तुम्ही."

"बसा दोघंही," मनस्विनी म्हणाली, आणि आम्ही बसलो.

जीप उलटी निघाली. इंजिन खरंच गिरणीसारखं बोंबललं. पण पुढची चाकं मातीत रुतून असं ढकलत होती, जसा हत्ती खांद्याने ढकलतो. उलटी असल्यामुळे आम्ही दोघे व्याही खालच्या गर्दीकडे तोंड करून, मखरातल्या गणपतींसारखे, हळूहळू वर वर जात होतो. लोक फोटो काढत होते. वेग इतका संथ होता, की अर्ध्यावर एक फुलपाखरू विठोजीरावांच्या मिशीवर बसलं आणि माथ्यापर्यंत बसून राहिलं. पण जीप थांबली नाही, घसरली नाही, उडी मारली नाही. चढली. माथ्यावर पोचताच क्लबच्या पोरांनी सुशांतला खांद्यावर घेतलं.

मनस्विनी धापा टाकत पायी वर आली.

"उलटी चढली," ती म्हणाली.

"स्वतःच्या ताकदीवर चढली ना?" सुशांतने विचारलं.

तिने जीपभोवती एक फेरी मारली. मग तिने तो नंबर त्याच्यासमोर पुसून टाकला. "राहू दे. सरळ कशी चढते तेही एकदा बघायचंय मला."

सुशांतच्या डोळ्यांत पाणी आलं. माझी छाती इतकी फुगली, की शर्टाचं बटण तुटून खालच्या तळ्यात पडलं, आणि लोकांना वाटलं मासा उडाला. माझाच रेशो, माझीच युक्ती. आता चार लोकांसमोर तसं म्हणायला मी तोंड उघडणार, तेवढ्यात विठोजीराव मिशी झटकत मागे गेले आणि मागच्या चाकावर थाप मारली.

"पाहिलंत, शेषगिरीराव? आपण वर आलो तेव्हा माथ्यावर आधी कोण पोचलं? माझा ॲक्सल."

त्यांचा ॲक्सल म्हणजे वरातीतल्या नवरदेवासारखा नुसता बसून आलेला होता, हे मी सहज सांगू शकलो असतो. पण मनस्विनी पाहत होती, आणि तिला त्यांच्याच घरात नांदायचं आहे.

"अभिनंदन, विठोजीराव," मी म्हटलं. "आम्ही आपलं खालून ढकललं, इतकंच."

त्यांनी मोठ्या मनाने मान डोलावली.