बायकोला न सांगायचा नंबर

त्या सहा आकड्यांतला पहिला सात होता की नऊ, हे डॉ. श्यामकांत देवस्थळींना आजही छातीठोकपणे सांगता येत नाही. तो दिवस मंगळवार होता की बुधवार, याबद्दल दोन मतं आहेत, आणि दोन्ही त्यांचीच आहेत. (रसायनशास्त्रात जन्म घालवलेल्या माणसाची ही स्मरणशक्ती. ते स्वतःच म्हणतात, आपले जुने शोधनिबंध एकदा कुणाकडून तरी तपासून घ्यायला हवेत.) तेव्हा ही हकीकत त्यांनी सांगितली तशी, आणि सुनेत्राबाईंनी स्वयंपाकघरातून दुरुस्त केली तशी.

देवस्थळी लुडविग्सहाफेनला आले ते पंचेचाळिशी उलटल्यावर. जर्मनीत उशिरा आलेल्या माणसाची पेन्शन बेताचीच असते, वेळ मात्र इतरांइतकाच असतो. निवृत्तीनंतर त्या वेळेत त्यांनी काळजी करायला घेतली. गॅस बंद केला का, खालचं दार लागलं का, छातीत दुखतंय ते खरं की भास. पुढे हात थरथरायला लागले आणि चहा आधी बशीत, मग कपात राहिलेला तोंडात, असा क्रम पडला. डॉक्टर म्हणाले, छंद लावून घ्या. खालच्या मजल्यावरचे हेर कुंत्स (हेर म्हणजे जर्मनांचं 'श्रीयुत') म्हणाले, आमच्या शुट्झेनफेराइनला या.

शुट्झेनफेराइन म्हणजे नेमबाजांचा क्लब. तिथे लोक आधी पिस्तूल झाडतात, मग बिअर पितात, मग एकमेकांच्या गुडघ्यांची चौकशी करतात. देवस्थळींचा आयुष्यातला पहिला छर्रा लक्ष्याच्या अगदी मध्यावर बसला. लक्ष्य शेजारच्या माणसाचं होतं. कुंत्स म्हणाले, "आल्झो, चला, नेम आहे. दिशा येईल."

सगळं सुरळीत चाललं असतं, पण देवस्थळींच्या मनाने एक गोष्ट घेतली.

"क्लबचं पिस्तूल जरा उष्टं वाटतं गं," एकदा जेवताना ते म्हणाले.

"उष्टं? तोंडात घालून उडवतात की काय?" सुनेत्राबाई म्हणाल्या.

"मुठीला सगळ्यांचा घाम असतो."

"मग हात धुवा."

"स्वतःचं घेतलं तर? साधंच, छर्ऱ्याचं. स्वस्तातलं."

"घ्या. पण तिकिटांच्या पैशाला हात लावलात तर मी एकटी जाईन, सांगून ठेवते."

तिकिटं पुण्याची होती. मुक्ता, त्यांची एकुलती लेक, बऱ्याच वर्षांच्या वाट पाहण्यानंतर आता आई होणार होती. तिच्या सासूबाईंनी डोहाळजेवणाचा मुहूर्त धरला होता. तिकिटं सगळ्यात स्वस्त होती, म्हणजे एकदा विमान चुकलं की गेलं, पैसेही नाहीत आणि दुसरं विमानही नाही. सुनेत्राबाईंनी मुक्ताला फोनवर शब्द दिला होता, "ओटी मीच भरणार." त्या दिवसापासून कॅलेंडरवरच्या त्या तारखेकडे बघूनच त्या चहा टाकत.

बंदुकीच्या दुकानात देवस्थळींनी काचेतलं पहिलं पिस्तूल पाहिलं आणि याहून स्वस्त आहे का, असं विचारलं. दुकानदार खालच्या खणाकडे वाकला. पुन्हा तोच प्रश्न, पुन्हा एक खण खाली. असं करत करत दुकानदार जवळजवळ जमिनीला टेकला आणि त्याने एका खोक्यातून कुणीतरी वापरून सोडून दिलेलं पिस्तूल काढलं. त्याची स्प्रिंग जुन्या फडताळासारखी कुरकुरत होती.

"याहून स्वस्त?"

"याहून स्वस्त गलोल आहे, हेर डॉक्टर."

देवस्थळींनी पिस्तूल घेतलं. (दुसऱ्याचं उष्टं टाळायला दुसऱ्याचं वापरलेलं घेतलं, हे सुनेत्राबाईंच्या लक्षात घरी पोचल्या पोचल्या आलं.) ते कागदात गुंडाळताना दुकानदार एवढंच म्हणाला, "घरी कुलपात ठेवायचं, काय?"

दुसऱ्या कुणीही कपाटाला एक कुलूप लावलं असतं. देवस्थळींनी जर्मनीचा हत्यारांचा कायदा पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला. कुठलाही कायदा वाचताना त्यातलं सगळ्यात कडक कलम आपल्यालाच उद्देशून लिहिलं आहे, असं त्यांना वाटतं. ते कलम म्हणत होतं की पोलादी तिजोरी हवी, आणि तिचा नंबर हत्यारवाल्याखेरीज कुणालाही कळता कामा नये. बायकोलासुद्धा. कुंत्सना विचारता आलं असतं. पण पत्रपेटीवर स्वतःच्या नावाआधी डॉक्टर लिहिलेला माणूस खालच्या मजल्यावर जाऊन असं कसं विचारणार?

तिजोरी एका शिकाऱ्याच्या विधवेने फुकट दिली. अट एकच, घेऊन जायची. पिस्तूल एका हाताने उचलता येत होतं, तिजोरीला चार माणसं लागली आणि त्या चौघांनी जिन्याच्या प्रत्येक वळणावर चहापाण्याचा दर वाढवला. चार आण्यांची कोंबडी आणि बारा आण्यांचा मसाला म्हणतात, तसं झालं. शेवटी ते धूड बेडरूमच्या कपाटात, जिथे सुनेत्राबाईंच्या पैठण्या टांगलेल्या असत तिथे, भिंतीला बोल्ट मारून बसवलं. पैठण्या पलंगाखाली गेल्या.

"नंबर काय ठेवलात?" सुनेत्राबाईंनी सहज विचारलं.

"तो सांगता येत नाही."

"कुणाला?"

"तुला."

पहिल्या पगारापासून पाकीट सुनेत्राबाईंच्या हातात देणारं हे घर. देवस्थळींच्या बँकेच्या कार्डाचा पिन देवस्थळींना माहीत नव्हता, सुनेत्राबाईंना होता. त्यांची साखर किती आली हेही त्यांना सुनेत्राबाईंकडूनच कळे.

"कायदा आहे गं," ते म्हणाले.

"माझ्यासाठी वेगळा कायदा काढला होय या लोकांनी?"

"तसं नाही. सगळ्याच बायकांसाठी."

"कुंत्सबाईंनासुद्धा माहीत नाही?"

हे देवस्थळींना माहीत नव्हतं. पण ते "या, गेनाऊ", म्हणजे 'हो, अगदी', असं म्हणाले, आणि त्या क्षणापासून घरात मुगाची खिचडी सुरू झाली. भांडण नाही, अबोला नाही, नुसती खिचडी. पापडसुद्धा नाही.

देवस्थळी हताश झाले, पण नंबराच्या बाबतीत ढळले नाहीत. जन्मतारीख ठेवावी तर ती बायकोला पाठ. लग्नाची तारीख तर तिलाच पाठ. त्यांना लक्षात राहणारा प्रत्येक आकडा तिला त्यांच्याहून पक्का लक्षात होता. तेव्हा त्यांनी कशाशीच संबंध नसलेला आकडा निवडला. तोही तिने ओळखलाय असं तिच्या चेहऱ्यावरून वाटलं की ते दुसरा ठेवत. असे किती बदलले, याचा हिशोब नाही. कशाशीच संबंध नसलेला आकडा लक्षात कशाच्या आधाराने राहणार, हा प्रश्न एवढ्या विद्वान माणसाला एकदाही पडला नाही.

निघायच्या दिवशी सकाळी बॅगा दाराशी उभ्या होत्या. विमान फ्रँकफर्टहून दुपारचं, पण जर्मन रेल्वेवर भरवसा ठेवणारा माणूस अजून जन्मायचा असल्यामुळे त्यांना लवकर निघायचं होतं. सुनेत्राबाईंनी नवं शाल-स्वेटर चढवलं, पर्समध्ये ओटीचे खण-नारळ पुन्हा एकदा चाचपले आणि म्हणाल्या, "अहो, पासपोर्ट घ्या."

पासपोर्ट तिजोरीत होते. घरात तेवढीच एक जागा सुरक्षित आहे, असं देवस्थळींनीच ठरवलं होतं.

त्यांनी बेडरूमचं दार लावून घेतलं आणि नंबर दाबला. तिजोरीने एक तुटक आवाज काढला. त्यांनी दुसरा दाबला. मग आदला. मग त्याच्या आदला. तिजोरीवर लाल दिवा लागला, म्हणजे आता काही वेळ ती कुणाचंच ऐकणार नव्हती. देवस्थळी पलंगावर बसले. चष्मा दोनदा नाकावर चढवला, दोनदा उतरवला. त्यांच्या डोळ्यांपुढे मुक्ता आली, हिरव्या साडीत, फुलांच्या दागिन्यांत, दाराकडे बघत असलेली. तिच्या शेजारी सासूबाई आल्या. त्या घड्याळाकडे बघत होत्या, आणि तेच जास्त भयंकर होतं.

दिवा विझला. त्यांनी नऊपासून सुरुवात करून पाहिली. लाल. त्यांनी कुलूपवाल्याला फोन केला. त्याने विचारलं, आत काय आहे? हत्यार, असं म्हटल्यावर तो म्हणाला, मग आधी पोलिसांना विचारावं लागेल, संध्याकाळी बघू. देवस्थळींनी फोन ठेवला. संध्याकाळी विमान तुर्कस्तानावर असणार होतं.

दार वाजलं. "अहो, गाडी जाईल."

"सुनेत्रा," त्यांनी आतूनच सांगितलं, "तू मुक्ताला फोन कर. सांग, बाबांमुळे राहिलं. माझंच नाव सांग."

दार उघडून सुनेत्राबाई आत आल्या. त्यांनी लाल दिवा पाहिला, मग नवऱ्याकडे पाहिलं. लाल दिवा विझेपर्यंत त्या पलंगाखालच्या पैठण्यांवरची धूळ झटकत राहिल्या. मग म्हणाल्या, "बाजूला व्हा."

त्यांनी सहा आकडे दाबले. दार उघडलं. त्यांनी पासपोर्ट काढले, दार लावलं.

"तुला..."

"तुम्ही पुटपुटता. नंबर दाबताना एकेक आकडा म्हणता. लग्न झाल्यापासून बघतेय, अंघोळीचे तांब्येसुद्धा मोठ्याने मोजता."

देवस्थळींना हे नाकारता येईना. जर्मनीत राहून माणूस जर्मन बोलतो, पण मोजतो मराठीतच. त्या सबंध इमारतीत मराठी कळणारी एकच व्यक्ती होती, आणि कायद्याने नेमकी तीच वर्ज्य होती.

"कधीपासून माहीत आहे?" त्यांनी गाडीत विचारलं.

"पहिल्यापासून. तुम्ही बदलत होतात तसे मीही पाठ करत होते. फार दमवलंत."

"तू उघडली नाहीस ना कधी?"

"एकदा उघडली. पुसून घेतलं. तेलाचा नुसता चिकचिकाट होता त्या पिस्तुलाला."

म्हणजे आपण गुन्हेगार. देवस्थळी विमानतळावर तपासणीच्या रांगेत उभे राहिले तेव्हा त्यांच्या कानशिलांवरून घाम ओघळत होता. बॅगेत काय आहे, असं तिथल्या तरुणीने विचारल्यावर ते कबुलीजबाब द्यायला तोंड उघडणार, तेवढ्यात सुनेत्राबाई म्हणाल्या, "मेतकूट आणि स्वेटर."

डोहाळजेवण थाटात झालं. सुनेत्राबाईंनी ओटी भरली, आणि मुक्ताच्या गालाला हात लावून त्या तशाच उभ्या राहिल्या, मागच्या बायका खोळंबल्या तरी. फोटोंमध्ये सगळे हसताहेत, देवस्थळी तेवढे आरोपीसारखे दिसतात. "बाबा, पोटात बाळ माझ्या आहे की तुमच्या?" मुक्ता म्हणाली.

परत आल्यावर त्यांनी पिस्तूल क्लबला देऊन टाकलं. हात थरथरतो, एवढंच कारण सांगितलं. ते खरंही होतं, पिस्तुलाने तो थांबायच्या ऐवजी वाढलाच होता. तिजोरी परत न्यायला मात्र चौघांपैकी एकही जण तयार होईना. सुनेत्राबाई तिच्यात तूरडाळ आणि तांदूळ ठेवू लागल्या. कीड लागत नाही म्हणाल्या. नंबर त्यांनी बदलून घेतला. देवस्थळींनी तो विचारला नाही, आणि त्यांना कुणी सांगितलाही नाही. डाळ हवी असली की ते हाक मारतात.

यालाही आता बरीच वर्षं झाली. गेल्या वर्षी हेर कुंत्स घर आवरून मुलीकडे राहायला गेले. सामान बांधायला देवस्थळी खाली गेले होते, तेव्हा कुंत्सबाईंनी ॲप्रनच्या खिशातून किल्ली काढली, स्वयंपाकघरातलं कपाट उघडलं आणि पिठाच्या डब्यामागून नवऱ्याचं छर्ऱ्याचं पिस्तूल काढून खोक्यात टाकलं.

देवस्थळींना खुर्ची द्यावी लागली. "तिजोरी नाही?" त्यांनी विचारलं.

"छर्ऱ्याच्या पिस्तुलाला?" कुंत्स म्हणाले. "ते कडक नियम खऱ्या बंदुकांचे. याला कुलूप असलं की पुरे."

"आणि किल्ली बायकोकडे?"

"ती सज्ञान आहे, हेर डॉक्टर. निदान मला तरी तसं सांगते."

देवस्थळींचा विश्वास बसला नाही. ते शहराच्या हत्यारांच्या कचेरीत गेले. तिथल्या बाईंनी शांतपणे सांगितलं, बरोबर आहे, साधं कुलूपबंद कपाट चालतं, आणि सज्ञान पत्नीला किल्ली काय, नंबर काय, सगळं माहीत असलं तरी हरकत नाही. देवस्थळींनी पुन्हा विचारलं. त्यांनी पुन्हा तेच सांगितलं. तिसऱ्यांदा विचारल्यावर त्यांनी पेन खाली ठेवलं आणि अगदी हळू आवाजात चौकशी केली, "हेर डॉक्टर, तुम्हाला घरी घेऊन जायला बरोबर कुणी आलंय का?"