अबोल्यात तुडवलेली माती

अंजिराबाईंच्या नव्या घराच्या पूर्वेच्या आणि उत्तरेच्या भिंतींनी एकमेकींशी बोलणं टाकलं, आणि ईशान्येच्या कोपऱ्यात दीड वीत फट पडली.

फट वरपासून खालपर्यंत स्वच्छ होती. माती कुठं ढासळली नव्हती, पेंढ्याची काडीसुद्धा बाहेर आली नव्हती. लग्नमांडवात नको ती बाई शेजारी येऊन बसली की आपण जसं पदर आवरून सरकतो, तशा दोन्ही भिंती सरकल्या होत्या. कोळवंड्यात मातीची घरं बांधणाऱ्यांना हे नवं नाही. नवं एवढंच, की ते अंजिराबाईंच्या घरात झालं.

अंजिराबाई चुकत नसत. निदान अडुसष्ट वर्षांत तसं कोणी त्यांना पटवून दिलं नव्हतं. शाळा त्यांनी चौथीत सोडली, कारण मास्तर एकच धडा दोनदा शिकवत होते. घर बांधायचं ठरल्यावर त्यांनी शिवारातली सात ठिकाणची माती सात बरण्यांत पाण्यात घालून ठेवली, वाळू किती बसली आणि चिकणमाती किती, ते बोटांनी मोजलं, आणि गावातल्या ठेकेदाराला सांगून टाकलं की तुझं सिमेंट तुला लखलाभ. घर मातीचं होईल, पायांनी तुडवून होईल, भाताचा पेंढा, गुळाचं पाणी आणि हिरड्याचं पाणी घालून होईल. ठेकेदार हसला. तो हसून होईपर्यंत अंजिराबाई थांबल्या आणि मग त्याला बाजूला सरकायला सांगितलं, कारण तो उभा होता तिथं त्यांना पाया खणायचा होता.

मदतीला धाकटी जाऊ होती, मथुराबाई. जुनी पत्र्याची खोली पाडल्यापासून अंजिराबाई राहायलाही त्यांच्याकडेच होत्या. दक्षिणेची आणि पश्चिमेची भिंत दोघींनी एकाच खड्ड्यात माती तुडवून उभी केली. तुडवताना गावातलं एकही घर बोलण्यातून सुटलं नाही. त्या दोन भिंती अजूनही एकमेकींना चिकटून आहेत. पूर्वेची भिंत कमरेइतकी आली तेव्हा मथुराबाई मागं सरून म्हणाल्या, "आक्का, भिंत कलतीय."

"तुझी मान कलतीय," अंजिराबाई म्हणाल्या.

तेवढ्यावर अकरा दिवसांचा अबोला झाला. हाती घेतलेलं काम अर्धं टाकणं दोघींनाही जमणारं नव्हतं, म्हणून मथुराबाईंनी उत्तरेच्या भिंतीसाठी आपला वेगळा खड्डा खणला. चूक झाली ती इथं. अबोल्यात माती तुडवू नये, हे कोळवंड्यात शेंबड्या पोरालाही माहीत आहे. माती पायातून सगळं उचलते. पण जी आधी थांबेल ती हरली असं झालं असतं. त्यामुळं दोघी आपापल्या खड्ड्यात, एकमेकींकडं पाठ करून, दात ओठ खात तुडवत राहिल्या. भिंती भराभर चढल्या आणि डोक्याच्या वर गेल्यावर त्यांना पुरतं कळलं की आपलं पटत नाही.

अंजिराबाईंनी आधी फटीत मातीचे गोळे भरले. सकाळचा चहा घेऊन त्या परत आल्या तेव्हा सगळे गोळे अंगणात एकावर एक नीट रचून ठेवलेले होते. मग त्यांनी दोन्ही भिंतींना बांबूच्या खुंट्या ठोकून टाका घातला. खुंट्या दुपारी परत आल्या, पूर्वेच्या सहा आणि उत्तरेच्या सहा, वेगवेगळ्या ढिगांत. अंगणात छपराचा बांबूचा सांगाडा तयार होऊन पडला होता. अंजिराबाईंनी त्याच्याकडं बघितलं आणि तालुक्याच्या बांधकाम कार्यालयात अर्ज टाकला.

गुरुवारी अभियंता बोराटे आले. तरुण होते, पण कामात पक्के होते. चपला बाहेर काढून त्यांनी फट मोजली आणि पिशवीतून 'भिंतींमधील बेबनाव' असा छापील नमुना काढला.

"आजी, माती एका खड्ड्यातली का दोन?"

"दोन."

"तुडवताना बोलणं चालू होतं?"

अंजिराबाईंनी अंगणातल्या आंब्याकडं बघितलं. "कामाच्या वेळी काम करावं माणसानं."

"अबोल्यात," बोराट्यांनी लिहिलं. मग त्यांनी रीतीप्रमाणं भिंतींचे जबाब घेतले. पूर्वेची भिंत म्हणाली, मी वयानं मोठी आहे, मी आधी बोलणार नाही. उत्तरेची म्हणाली, मला काही म्हणायचं नाही, आणि पुढं अर्धा तास म्हणत राहिली. बोराट्यांना पाठपोट दोन कागद जोडावे लागले.

"परवा शनिवारी नोंदवही वर जाते," ते म्हणाले. "तोवर कोपरा जुळला नाही तर माझ्याकडं 'घर' असं लिहिता येणार नाही. 'चार भिंती' लिहावं लागेल."

"मग फरक काय पडतो?"

"छप्पर घराला मंजूर होतं आजी, भिंतींना होत नाही. पुढची नोंदवही दोन वर्षांनी."

दोन वर्षं मथुराबाईंच्या घरात, मथुराबाईंच्या हातचं खात, मथुराबाईंशी न बोलता. बिनछपराची माती दोन वर्षं टिकत नसते, आणि ठेकेदार अजून रोज त्याच रस्त्यानं जात होता.

"उपाय सांगा."

बोराट्यांनी नमुना उलटा केला. "कोपऱ्याची माती ज्यांच्यात अबोला, त्या दोघींनी एका खड्ड्यात तुडवायची. तुडवताना बोलायचं. किमान दहा घमेली."

"माफी मागायची?"

"माफीचा रकाना नाही यात."

शुक्रवारी सकाळी एक खड्डा खणला. मथुराबाई लुगडं खोचून आल्या आणि बोराट्यांना म्हणाल्या, "त्यांना विचारा, पेंढा कुठवर कापायचा."

"तिला सांगा, चार बोटं. पहिल्यापासून चारच बोटं आहे," अंजिराबाई म्हणाल्या.

"त्यांना म्हणावं, वीतभर पेंढा जास्त धरून ठेवतो."

"मी मधे असलो तर ते बोलणं धरता येत नाही," बोराटे म्हणाले आणि पायरीवर जाऊन बसले.

मग दोघी गप्प. तासभर तुडवलं, पण माती काही एक होईना. पेंढा मथुराबाईंच्या पायाशी गोळा झाला, चिकणमाती अंजिराबाईंच्या, आणि मधे पाणी उभं राहिलं. दुसऱ्या तासाला मथुराबाईंचा धीर सुटला.

"भिंत कलली होती," त्या चिखलाकडं बघून म्हणाल्या. "मी खोटं बोलले नव्हते."

"सरळ होती. तू लग्न होऊन आलीस तेव्हापासून तुला सगळं तिरकं दिसतं."

"लग्नात तुम्ही मला पहिलं काय बोललात, सांगू का साहेबांना?"

"सांग की. भाताला चिकटा आलाय म्हणाले. आला होताच."

मथुराबाईंनी चिखलात पाय असा आपटला की शिंतोडे बोराट्यांच्या कागदापर्यंत गेले. त्यांनी ते पुसले आणि लिहिलं, बोलणं सुरू, वेळ दहा वाजून पाच. भांडण बोलण्यात धरायचं की नाही असं अंजिराबाईंनी खड्ड्यातूनच विचारलं. धरायचं, ते म्हणाले, उलट त्यानं माती चांगली मळते.

चांगली म्हणजे काय, लोण्यासारखी मळली. तीस वर्षांचा हिशोब निघाला. चिकटा आलेला भात, न दिलेलं लुगडं, विहिरीवर केलेली चुगली. एकेक विषय संपला की एकेक घमेलं भरत होतं. नऊ घमेली झाली. दहाव्याला दोघींची गाडी पुन्हा भिंतीवर येऊन अडली.

"ओळंबा लावा साहेब," मथुराबाई म्हणाल्या. "होऊन जाऊ द्या."

बोराट्यांनी भिंतीच्या टोकाला ओळंबा सोडला. दोरी लोंबकळली, थांबली. त्यांनी खाली मोजलं, वर मोजलं, पुन्हा खाली मोजलं. फट खाली दीड वीत होती. वर दोन बोटं कमी होती.

"पूर्वेची भिंत उत्तरेकडं कललीय," ते म्हणाले. "दोन बोटं."

मथुराबाईंनी 'मी म्हणाले नव्हते का' असं म्हटलं नाही, आणि हे त्यांचं मोठेपण लिहून ठेवण्यासारखं आहे. अंजिराबाई खड्ड्यातून बाहेर आल्या. दोरीपाशी उभ्या राहिल्या. एक डोळा मिटून बघितलं, मग दुसरा मिटून बघितलं. अडुसष्ट वर्षांत त्यांना असं तोंडावर सांगणारं काही भेटलं नव्हतं, आणि दोरीला उलट बोलताही येत नव्हतं.

"कललेली नाही," त्या शेवटी म्हणाल्या. "वाकून बघतीय."

"कुणाला?" मथुराबाईंनी विचारलं.

"उत्तरेच्या भिंतीला."

"तेव्हा उत्तरेची भिंत होती कुठं?"

"नव्हती म्हणूनच ना वाकली. अजून कशी आली नाही बघायला."

मथुराबाई आधी गुडघ्यावर हात ठेवून उभ्या राहिल्या, मग त्यांचे खांदे हलायला लागले, मग त्या खड्ड्यातच मटकन खाली बसल्या आणि हसून हसून डोळ्यांना पाणी आलं. अंजिराबाई हसल्या नाहीत. त्यांनी फक्त हात पुढं केला आणि जावेला ओढून उभं केलं, आणि ओढता ओढता म्हणाल्या, "पेंढा वीतभर घाल. कोपऱ्याला चालतो."

दहावं घमेलं भरलं. दोघींनी कोपरा संध्याकाळपर्यंत भरून काढला, एक गोळा एकीचा, एक दुसरीचा. शनिवारी सकाळी बोराट्यांनी कोपऱ्यावर हात फिरवला, कान लावला आणि नोंदवहीत लिहिलं: घर. कोपरा एकजीव. भिंती बोलत आहेत. रविवारी छप्पर चढलं. ठेकेदारही बघायला आला. अंजिराबाईंनी त्याच्या हातात बांबूचं एक टोक दिलं आणि धरून उभं राहायला सांगितलं.

सोमवारी अंजिराबाई स्वतःच्या घरात जेवल्या आणि दुपारी चटई टाकून आडव्या झाल्या. ईशान्येच्या कोपऱ्यात दोन्ही भिंतींचं चालू होतं. अकरा दिवसांचं साचलेलं होतं, त्यात मधे मधे दक्षिणेची भिंत काहीतरी विचारत होती. अंजिराबाईंनी दोनदा हटकलं. भिंती तेवढ्यापुरत्या गप्प झाल्या आणि हळू आवाजात पुन्हा सुरू झाल्या, आणि हळू आवाजातलं ऐकायला तर माणसाला जास्तच कान द्यावा लागतो.

अर्ध्या तासानं त्या उशी काखेत मारून मथुराबाईंच्या दारात उभ्या राहिल्या.

"काय झालं?" मथुराबाई म्हणाल्या.

"झोपू देईनात."

"कुणाबद्दल बोलतायत?"

"तुझ्याबद्दल."

मथुराबाईंनी कडी लावली, कुलूप घातलं, आणि दोघी ऐकायला गेल्या.