एक डोळा, पाच बाया

एकाच व्यक्तीने निरनिराळ्या नावांनी चार डोळ्यांचे ऑपरेशन करून घेऊ नये, म्हणून बाभुळगावच्या मोफत नेत्रशिबिरात यंदा नोंदणी कडक करण्यात आली. खिडकीवरचा पियुष यवतमाळहून नावांच्या प्रकारांचे प्रशिक्षण घेऊन आला होता. मेडन नेम, निकनेम, पेट नेम, एलियास, सगळे त्याला येत होते.

विमलताईंचा एक डोळा पूर्वीच गेला होता. उरलेल्यात मोतीबिंदू पिकला होता. डॉक्टर म्हणाले, आजच काढू, पुढे उशीर होईल. फक्त नोंदणी राहिली होती.

"विमल हे जन्मापासूनचं नाव?"

"नाही बाप्पा. लग्नात तांदळात लिहून आमच्या यायनं ठेवलं. माहेरी मी धुरपता."

"मेडन नेम. गावात काय म्हणतात?"

"फुलचंदची माय."

"निकनेम."

संगणकाने तीन बाया दाखवल्या. डोळा एकच. पियुषने तिघींना एलियासने, म्हणजे 'उर्फ' लावून जोडले, तेव्हा पडदा लाल झाला. एलियास असलेल्यांना पोलिसांचा दाखला लागतो.

"म्या काय कोनाचं चोरलं काय, बाबू?"

"तुम्ही नाही, आजी. पण धुरपतानं काही केलं असेल तर?"

विमलताई विचारात पडल्या. धुरपताला त्या बऱ्याच वर्षांत भेटल्या नव्हत्या.

ओळख पटवायला नवऱ्याला बोलावले. सदाशिवराव टोपी हातात घेऊन आले.

"यांचं नाव सांगा."

"नाव कायले घेऊ, साहेब? लोक हासतीन. मी 'अवो' म्हनतो."

पियुषने 'अवो' पेट नेममध्ये टाकले. चौथी बाई झाली. फुलचंदला फोन लावला, तर तो म्हणाला, "मायचं नाव? माय." पाचवी.

धुरपता म्हणणारे माहेरी कोणी उरले नव्हते. तेव्हा नियमानुसार धुरपता मृत ठरली, आणि तिच्या मृत्यूचा दाखला आणेपर्यंत बाकी चौघींचे काम थांबले. तोवर डॉक्टरांची गाडी निघून गेली. अहवालात लिहिले गेले: पाच महिला रुग्ण, पाचही अपात्र.

"चाल वो," सदाशिवराव म्हणाले. विमलताईंनी आवाजाच्या दिशेने हात पुढे केला.

पियुषला हसू नका. त्याने निदान विचारले तरी. तुमच्या आजीचे माहेरचे नाव काय होते?